आठवं कार्ड

नवऱ्याला हे माहीत नाही. आईला मुळीच नाही. ऑफिसात सहा वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी सासूच्या टोमण्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगते, पण हे नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या वाशीच्या बाजारात समोरासमोर आलो तरी मला मान खाली घालायची वेळ येणार नाही. बघा, सुरुवातच सोयीची करून घेतली. अशीच आहे मी.

आणि मी चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई रडायला बसली. रडणंबिडणं काही नाही. तीन वर्षं झाली, डोकं तापलेलंच आहे. साहेबांवर, चेअरमनवर, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्यांवर — आणि मग आरशासमोर वेणी घालताना जी दिसते तिच्यावर. तिच्यावर सगळ्यात जास्त. कंगवा फेकून मारावासा वाटतो. दोनदा मारलाही आहे.

मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. आमच्या गावात अजून समजतात की मी बंगल्यांचे नकाशे काढते. किहीमला एका पाहुण्याला खोल्या वाढवायच्या होत्या तर त्याने मलाच फोन केला होता. माझे नकाशे वेगळे. मेट्रोच्या फाटकावर, ऑफिसच्या दारावर तुम्ही कार्ड नुसतं जवळ नेता, टुक वाजतं, दार उघडतं — त्या टुकच्या मागे काय घडायचं, कुणी कुणाला काय सांगायचं, कुणी कशावर विश्वास ठेवायचा, ते मी ठरवते.

नवीन पोरं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य फळ्यावर लिहून देते. कार्ड म्हणजे माणूस नव्हे. रीडरने कार्ड पाहिलं, एवढंच रीडरला माहीत असतं. माणूस आला की नाही, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तळाच्या थरात फक्त रीडरने लिहायचं — हे कार्ड, या वेळेला, इतक्या जोराच्या सिग्नलने दिसलं. बस. त्यावरून काय समजायचं ते वरच्या थराने ठरवायचं. आणि तळाच्या वहीत रीडरशिवाय कुणी, अगदी कुणीही, एक अक्षर लिहायचं नाही. किती छान शिकवते मी. पोरं वहीत उतरवून घेतात.

ते वाक्य मी कुठून उचललं, माहीत आहे?

माझं गाव श्रीवर्धनच्या बाजूचं. बंदराचं नाव लिहीत नाही. तिथल्यांना कळायचं ते कळेल. बाबा बोटीवर खलाशी होते. आमच्या जेटीवर हिराआत्या बसायची. माझी सख्खी आत्या नव्हे, अख्ख्या गावाचीच आत्या. तिचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नाही, आणि तो आलेला नाही हे कुणाच्या लक्षात यायलाच एक दिवस गेला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या बोटीवर असेल. त्यानंतर मच्छीमार सोसायटीने तिला जेटीवर नोंदीचं काम दिलं. चौथी शिकलेली बाई. तिने स्वतःची पद्धत काढली. बोट सुटली की प्रत्येक खलाशाच्या नावापुढे ठिपका. परतली की त्या ठिपक्याभोवती गोल. ठिपका म्हणजे दर्यावर, गोल म्हणजे घरी.

आणि तिचा एक कायदा होता. तोंड दिसल्याबिगर गोल न्हाय.

बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, ओरडून सांगायचा की सगळे आलेत, घाल गोल. ही ढिम्म. मासळीच्या पाट्या उचलायला जमलेल्या बायकांना कोपराने बाजूला सारत थेट बोटीपर्यंत जायची, एकेकाचं तोंड बघायची आणि तिथेच उभ्याउभ्या गोल काढायची. लोक वैतागायचे. बाबा मुद्दाम तोंडावर टॉवेल टाकून तिच्या बाजूने सटकायचे; ती टॉवेल ओढायची, एक सणसणीत शिवी द्यायची आणि मगच वहीत बघायची. शाळेतून आले की मी जेटीवर जायची. बाबांच्या नावाभोवती गोल पडला की घरी. पंचवीस वर्षं त्या बाईने एकही गोल तोंड न बघता काढला नाही. एकही नाही. हे लक्षात ठेवा.

तर ते काम आमच्या कंपनीत मीच आणलं. खलाशांना कार्डं, जेटीवर रीडर, सोसायटीच्या ऑफिसात मोठी स्क्रीन, आणि माणूस परतला की घरच्या फोनवर मेसेज — सुखरूप परत. स्क्रीनवर दर्यावर असलेल्याला लाल ठिपका, आलेल्याला हिरवा गोल. सादरीकरणात मी ते माझी कल्पना म्हणून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, किती सोपं आणि किती सुंदर. मी मान लववली. ही चोरी जाता जाता कबूल करतेय. खरी गोष्ट अजून आलेलीच नाही. मी तिच्याभोवती फिरतेय, मला कळतंय.

दाखवायचा दिवस होता. मांडव घातलेला, नारळ, हार, सोसायटीच्या चेअरमनच्या कपाळाला टिळा. पहिली बोट परतली. आठ खलाशी. आता आमच्याकडची रीत सांगते — खलाशी आपले कागद खिशात ठेवत नाहीत, भिजतात. तांडेलकडे घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी असते, आपण लोणच्याला वापरतो तसली. बोटीचं लायसन, सगळ्यांची आधारकार्डं, सगळं तिच्यात. मला हे जन्मापासून माहीत. माझ्या बाबांचे कागद त्याच बरणीत असायचे. आणि तरी मी नकाशात काय धरलं होतं? की हे आठ जण मेट्रोतल्या बाबूंसारखे ओळीने येतील आणि एकेक कार्ड दाखवतील. कोळ्याची पोर मी, आणि एवढं सुचू नये?

तांडेलने बरणी उघडलीसुद्धा नाही. आठ कार्डं रबराने बांधून आत टाकली होती. त्याने बरणीच रीडरला लावली. टुक वाजलं, एकदाच. एकाला एक चिकटलेली कार्डं आमच्या त्या स्वस्तातल्या रीडरला वेगळी ओळखता येत नाहीत. एखादं वाचलं जातं, बाकीची गुडूप. स्क्रीनवर एक हिरवा गोल आणि सात लाल ठिपके. सात धडधाकट माणसं समोर उभी राहून दात काढतायत आणि मशीन म्हणतंय, ती दर्यात आहेत. जेटी हसली. चेअरमन हसले नाहीत. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पाच वाजता आमदार यायच्या आत सगळं हिरवं दिसलं पाहिजे.

खरा उपाय होता. वेगळे रीडर, थोडं जास्तीचं काम, फार तर तीन आठवडे. मी साहेबांना तसं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वर्षाच्या बढत्या लागायच्या होत्या, आणि माझ्या गावासमोर माझं हसं झालं होतं. यातलं कुठलं कारण मोठं होतं? खरं सांगू, दुसरं.

मी सोसायटीच्या ऑफिसात बसले आणि दीड तासात एक नियम लिहिला. परतणाऱ्या बोटीचं एक कार्ड दिसलं, की त्या बोटीच्या सकाळच्या यादीतली सगळी कार्डं दिसली असं धरायचं. बोट आली म्हणजे माणसं आली. हा नियम वरच्या थरात घातला असता तरी एक वेळ चाललं असतं — तिथे निदान 'अंदाज' असं लिहिता आलं असतं. पण त्यासाठी बरंच काही बदलावं लागत होतं आणि घड्याळ पुढे चाललं होतं. मी तो तळाच्या थरात घातला. रीडरच्या वहीत. रीडरने जे पाहिलं नाही ते त्याने पाहिलं म्हणून, त्याच्याच नावाने लिहायला लावलं. दोन नोंदींमध्ये एकेक सेकंदाचं अंतर ठेवलं, खरं वाटावं म्हणून. हे अंतर ठेवायला मला साहेबांनी सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं. ती माझी स्वतःची अक्कल. फक्त कार्ड किती जोरात दिसलं, तो सिग्नलचा रकाना बनवत बसायला वेळ नव्हता. तिथे शून्य पडू दिलं.

पाच वाजता बरणी पुन्हा लागली. आठ हिरवे गोल. टाळ्या. हिराआत्या माझ्या मागेच उभी होती, वही काखोटीला. तिने हळूच विचारलं, "आणि यातला एखादा नसला तं?"

सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "नसला तर जाईल कुठे आत्या, दर्यात?"

सगळे हसले. तिच्या नवऱ्याचं काय झालं होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. तरी मी म्हटलं आणि तरी ते हसले. चेअरमननी जाहीर केलं की आता वहीची गरज नाही. आत्याला कामावरून काढणार नाही, कार्ड हरवलेल्यांना डुप्लिकेट कार्डं द्यायचं काम ती करेल. डुप्लिकेट कार्डांचा एक स्टीलचा डबा तिच्या हातात दिला. वही तिने घरी नेली.

एक हंगाम सुरळीत गेला. मला बढती मिळाली. साहेबांनी काचेची एक ढाल दिली, ती टीव्हीशेजारी आहे अजून. तो नियम नंतर काढायचा होता. दर सोमवारी ठरवायची. दर सोमवारी दुसरं काही निघायचं. निघायचं कसलं — मी काढायची.

आता जना. जनार्दन. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शाळेत आमच्या पुढे. इंजिनातला कारागीर. कुठल्याही बोटीचं इंजिन दर्यात बंद पडलं की जनाला हाक, आणि हा या बोटीवरून त्या बोटीवर. म्हणूनच त्याने आपलं कार्ड बरणीत टाकणं बंद केलं होतं. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा. म्हणजे त्याच्या बोटीच्या बरणीत सात कार्डं, आठवं त्याच्या खिशात.

त्या दिवशी दुपारी त्याच्या चुलतभावाच्या बोटीचं इंजिन अडलं. जना तिकडे गेला, दुरुस्त केलं, आणि छोट्या होडीतून एकटाच आपल्या बोटीकडे वल्हवत निघाला. वारा वाढला होता. त्याच्या बोटीवरच्यांना वाटलं की तो आता भावाबरोबरच येईल आणि ती बंदराकडे वळली. भावाच्या बोटीने धरलं की तो आपल्या बोटीवर पोहोचला असेल. आमच्याकडे असं नेहमी होतं. म्हणून तर आत्या तोंडं बघायची.

जनाची बोट आधी आली. बरणी लागली, टुक, आठ हिरवे गोल. त्याच क्षणी त्याच्या बायकोच्या, रंजनाच्या, फोनवर मेसेज — सुखरूप परत. तासाभराने भावाची बोट आली. भावाने ऑफिसात येऊन विचारलं की जना पोहोचला ना? क्लार्कने स्क्रीन दाखवली. हिरवा. भाऊ मासळी उतरवायला गेला.

एकाच माणसाने सांगितलं. हिराआत्या डबा मांडीवर घेऊन जेटीवर बसलेली होती, सवयीने तोंडं बघत. तिने क्लार्कला सांगितलं, जना मला दिसला नाही. क्लार्क म्हणाला, हिरवा आहे. ती चेअरमनकडे गेली. चेअरमन म्हणाले, आत्या, त्याचं कार्ड पाच चाळीसला लागलंय, बघा. ती रंजनाच्या दारात गेली. रंजनाने फोन पुढे केला. बाजारात गेला असेल, येईल, म्हणाली. आत्या पुन्हा चेअरमनकडे आली आणि त्याच्या टेबलावर हात आपटून बोलली, "मना त्याचं तोंड दिसला न्हाय. होड्या काढा."

काढल्या नाहीत. कशाला काढतील? तिच्या नजरेच्या विरुद्ध माझी स्क्रीन उभी होती. मशीनवर विश्वास ठेवला म्हणून मी चेअरमनला मनात हजार शिव्या घातल्या आहेत. पण त्याने विश्वास ठेवावा म्हणूनच तर मी ते केलं होतं ना?

सकाळी शोध सुरू झाला. होडी पालथी सापडली. जनाने स्वतःला दोरीने होडीला बांधून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असावा. शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात कार्ड. कोरडं.

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. नोंद उघडली. आठ ओळी. एका ओळीत सिग्नलचा आकडा, बाकी सातांत शून्य. जनाच्या ओळीत शून्य. बघायला दहा सेकंद लागली. मला सगळं समजलं, आणि दुसऱ्या क्षणी मी काय केलं? आजूबाजूला पाहिलं, की माझी स्क्रीन कुणाला दिसतेय का.

चार दिवसांनी सोसायटीत चौकशीची बैठक झाली. चेअरमन, साहेब, दोन अधिकारी, जनाचा भाऊ, आणि मी. आत्याला बाहेर बाकावर बसवलं होतं. प्रश्न अगदी सरळ होता. कार्ड जनाच्या खिशात, चार मैलांवर पाण्यात — मग ते जेटीवरच्या रीडरला पाच चाळीसला दिसलं कसं? सगळे माझ्याकडे वळले. उत्तर एका वाक्याचं होतं. दिसलंच नाही, मी दिसल्याचं लिहून ठेवलं होतं. इतकंच. तोंड उघडायचं आणि बोलायचं.

इथपर्यंत मी तुम्हाला असं भासवत आलेय, की मी तिथे गप्प बसले आणि गप्प बसणं हाच माझा गुन्हा. ते खोटं आहे. मी गप्प बसले नाही. मी बोलले.

मी म्हणाले, "जनाच्या नावाचं डुप्लिकेट कार्ड असेल, तर ते लावलं तरी नोंद त्याच्याच नावावर पडते."

कुणाला सुचलंही नव्हतं हो ते. मी सुचवलं. आदल्या वर्षी जनाचं कार्ड हरवलं होतं, आत्याने डुप्लिकेट दिलं होतं, मग जुनं सापडलं आणि त्याने डुप्लिकेट परत केलं होतं — हे मला ठाऊक होतं, कारण मी येण्याआधी यादी तपासली होती. तयारी करून आले होते मी. डबा मागवला. जनाचं डुप्लिकेट वरच होतं. मग बाकीचं त्यांनी स्वतःच जोडलं: बोटीची एक नोंद कमी पडत असेल, कटकट नको म्हणून बाईने डब्यातलं कार्ड लावलं असेल. त्यांनी नोंदीची छापील प्रत मागितली. ती माझ्या पिशवीत तयार होती. त्यात फक्त नाव आणि वेळ. कार्डाचा नंबर आणि सिग्नल, हे दोन रकाने मी छापण्यापूर्वी काढले होते. डुप्लिकेटचा नंबर वेगळा असतो. नंबर दिसला असता तर पोरालासुद्धा कळलं असतं की नोंद खिशातल्या त्या कोरड्या कार्डाची आहे. म्हणून काढला.

आत्याला आत बोलावलं. तिने एकच सांगितलं, परत परत: मी कार्ड लावलं नाही, मी तर सांगत होते तो आला नाही. एका अधिकाऱ्याने तो कागद तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला वाटलं मी शिकलेली आहे, मी सांगेन. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं, काढलं आणि लावलं.

तिला कामावरून काढलं. पोलिसांत दिलं नाही, वय बघून, असं चेअरमन मोठेपणाने म्हणाले. पण गावाला काय लागतं? दर्यावर गेलेल्या माणसाचं कार्ड हिने लावलं आणि त्याला बुडवलं. पंचवीस वर्षं एकेकाचं तोंड बघून गोल काढणारी बाई, आणि तिच्याबद्दल हे. मासळीबाजारात तिच्या शेजारी बसायचं बायकांनी सोडलं. रंजना तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुला तरी कळायला पायजे होतं. ते बोलणं आत्याच्या दर्यात गेलेल्या नवऱ्यावरून होतं, हे तिला कळलं असणारच. संताप होतो माझा, अंगाची लाही होते — आणि कुणाचा? रंजनाचा? तिच्या फोनवर तो मेसेज कुणी पाठवला?

महिन्याभराने मी एका अपडेटमध्ये तो नियम गुपचूप काढून टाकला. सोबतच्या टिपणात लिहिलं, किरकोळ सुधारणा. साहेबांनी शाबासकी दिली, की रीडर पण बदलून घ्यायला लावलेस, चांगलं केलंस. सगळ्या रकान्यांसकटची मूळ नोंद मात्र मी पुसली नाही. छापून घेतली. कपाटात, बाळंतपणाच्या फायलीत आहे. का ठेवली? मला विचारू नका. पुरावा म्हणून ठेवली असं म्हणायला मला आवडेल. पण पुरावा दाखवायला ठेवतात ना? मी तर लपवायला ठेवली.

यंदा शिमग्याला गावी गेले तेव्हा तो कागद पर्समध्ये घालून नेला होता. ठरवून. रस्ताभर, गाडी चालवताना, मी वाक्यं म्हणत होते. आत्या, तू लावलं नाहीस. आत्या, मी लिहिलं होतं. नवरा बाजूला झोपला होता.

आत्या ओटीवर सोडे निवडत बसली होती. वाळवलेली कोलंबी, टरफलं वेगळी, सोडे वेगळे. बारीक झाली आहे. मला बघून तिला आनंद झाला, खोटं नाही सांगत, खरंच झाला. पाट दिला, पाणी दिलं, पोरं कशी आहेत विचारलं. मी पर्स मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, आत्या, जेटीवर जातेस का गं? म्हणाली, न्हाय, नजरेचा भरवसा न्हाय आता. मला कळलं नाही. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे का?

तिने सुपावरची नजर काढली नाही. म्हणाली, "मीच लावलं असंल गो ते कार्ड. इसरले असंन. मशीन कशाला खोटा बोलंल, तू बनवलेला हाय ते."

ती मला विचारत नव्हती. तिने ते कधीच मान्य करून टाकलं होतं. जना दिसला नाही हे तिला पक्कं माहीत होतं, सगळ्या गावात फक्त तिलाच माहीत होतं, आणि माझ्या कागदाने ते तिच्याकडून काढून घेतलं. तीन वर्षं ती बाई रोज आठवायचा प्रयत्न करते आहे, की आपण डबा कधी उघडला, कार्ड कुठल्या हातात धरलं. न घडलेली गोष्ट आठवत बसली आहे. आणि पर्समध्ये, माझ्या हाताखाली, तो कागद.

मी पर्सची चेन उघडली. तेवढं केलं.

मग मी म्हणाले, "वयानं होतं असं, आत्या."

तिने मान हलवली. निघताना मला अर्धा किलो सोडे बांधून दिले, नको म्हटलं तरी. पर्स उघडीच होती. पिशवी मी त्या कागदावर ठेवली आणि चेन लावली. घरी आल्यावर सोड्यांची खिचडी केली. नवऱ्याने दोनदा वाढून घेतली, एवढे चांगले सोडे कुठून आणलेस म्हणाला. मी म्हटलं, आमच्या आत्याने दिले.